रोटाच्या दिवशीची डिक्की

(धुळ्यात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या भटूभाऊंनी बोलता बोलता सांगितलेलं)

माझं मूळ गाव भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठावरचं, आणि जन्मतारीख म्हणाल तर मास्तरांनी शाळेत टाकली तीच खरी मानायची, पण आई सांगायची की दाईनं नाळ कापायच्या आधीच हा पाय झाडत होता, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी काही एका जागी बसलो नाही. ह्या पोऱ्याना पायले भिंगरी शे, म्हणजे पोराच्या पायाला भिंगरी आहे, असं ती गावभर सांगत फिरायची, आता ती स्वतःच गावभर फिरायची म्हटल्यावर भिंगरी कोणाकडून आली ते तुम्हीच समजा. आम्ही तिघं भावंडं, सर्वात मोठा नाना, मधली अक्का, आणि मी शेंडेफळ. नाना माझ्या एकदम उलटा, तो बांधावर बसला की सकाळचा संध्याकाळपर्यंत बसेल, बैलही दोनदा उठून बसतील पण नाना उठणार नाही. आणि मी, काय सांगू तुमले, जेवायला बसलो तरी एक गुडघा हलत राहायचा, बाप म्हणायचा अरे ताट सांडशील.

घरात एकच रेडिओ होता तो मी आठव्या वर्षी उघडला. विहिरीवर मोटार बसली तर तिचा स्टार्टर उघडला, झटका बसला, तीन हात लांब पडलो, आणि उठून पुन्हा उघडला. नववीत शाळा सोडली, सोडली म्हणजे एक दिवस दप्तर घेऊन निघालो आणि शाळेऐवजी धुळ्याच्या गाडीत बसलो, तिकडे हायवेवर एक उस्ताद ट्रकांचं वायरिंग करायचे, त्यांच्या हाताखाली राहिलो. उस्ताद चांगला माणूस, मारायचे पण जेवू घालून मारायचे. ते एकच गोष्ट रोज सांगायचे, भटू, आधी डोळ्यानं बघ, मंग हात लाव. आणि मी रोज आधी हात लावायचो. आज पस्तीस वर्षं होत आली ह्या धंद्याला, धुळ्यात माझं स्वतःचं दुकान शे, लोक लांबून येतात, पण ती खोड काही गेली नाही. गाडीत बिघाड दिसला आणि तो सापडला नाही की माझ्या अंगात मुंग्या फिरतात, घास खाली उतरत नाही. बायको म्हणते तुमचं लग्न माझ्याशी झालं की फ्यूजच्या डब्याशी.

ह्याच खोडीपायी नानाचं नि माझं बिघडलं. बाप आजारी होता, नानाचा निरोप आला की निघ, मी निघालोही, पण वाटेत पारोळ्याच्या अलीकडे एक ट्रक बंद पडलेला, ड्रायव्हर ओळखीचा, तो म्हणाला भटूभाऊ बरे भेटले, जरा बघता का. जरा बघायला म्हणून ट्रकखाली शिरलो तो दोन तास बाहेर आलो नाही. घरी पोचलो तेव्हा बाप गेलेला होता. तो मले विचारत होता म्हणे, भटू उना का, आला का भटू. नाना त्या दिवशी ओरडला नाही, बोलला फक्त एवढंच की तू गाड्यास्ना शे, आमना नही. तेव्हापासून सात वर्षं मी आमच्या घरचा रोट खाल्ला नाही.

रोट म्हणजे काय ते तुमले सांगायला पाहिजे, तुमच्याकडे कानबाई बसत नसेल. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते, नारळाची देवी, तिला नथ, हार, साडी, बठ्ठा म्हणजे सगळा साज, रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर. तिच्या नैवेद्याचं जे अन्न ते रोट. त्याचं धान्य, गहू आणि चण्याची डाळ, घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, एकेकाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची, कालचं जन्मलेलं पोरगं असलं तरी त्याची मूठ पडते. ते दळून आणायचं, आणि ते खायचं फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, हात लावू द्यायचा नाही, एक दाणा वाया जाऊ द्यायचा नाही. जे एका रोटाला बसतात ते भाऊबंद, हे आमच्याकडे रक्तापेक्षा मोठं मानतात. आणि आमच्या घरची पद्धत अशी की दिवे लागले की आरती, आरती झाली की सगळे पुरुष एकदम पंगतीला, मागून येईल त्याला पान नाही.

मी धुळ्यात वेगळी कानबाई बसवू शकत होतो, लोक बसवतात, पण वेगळी बसवली म्हणजे नाना तिकडे आणि मी इकडे हे कायमचं झालं, म्हणून मी बसवली नाही. सात श्रावण त्या रविवारी मी दुकान उघडं ठेवलं, शेजारी ढोल वाजायचा आणि मी कोणाचा तरी हॉर्न दुरुस्त करत बसायचो.

गेल्या श्रावणात अक्कानं मधे पडून जुळवलं. ती नानाच्या घरी जाऊन काय बोलली, किती रडली, देव जाणे, मले फोन केला की नाना तयार शे, तो तोंडानं सांगनार नही पन तयार शे, तू दिवा लागाना आत ये, पंगत तुनासाठे थांबनार नही. मी म्हटलं अक्का मी दुपारीच निघतो. बायकोला पोरांसोबत आदल्या दिवशीच पाठवून दिलं पुरणाला हातभार लावायला. रविवारी सकाळी दाढी केली, नवा पांढरा शर्ट घातला, मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरून ठेवलं, दोनदा हवा तपासली. तीन वाजता निघायचं, पाच साडेपाचला गावात, दिवे लागायला अजून दीड तास बाकी, असा माझा हिशेब होता.

अडीचला फोन वाजला. देवपुरातल्या काकू, शाळेत शिकवत होत्या, आता रिटायर झाल्या, त्यांच्या घरच्या गाड्या पहिल्यापासून मीच बघतो. त्यांचा मुलगा अमोल पुण्याहून कानबाईसाठी आला होता, नवीन मोठी गाडी घेऊन. काकू म्हणाल्या, भटू, अमोलच्या गाडीची डिक्की लागत नाही रे, बटण दाबलं की खाली येते आणि पुन्हा वर जाते, पण तू आज गावी चालला असशील तर राहू दे, अमोल दोरीनं बांधून ठेवतो, उद्या परवा बघ. आता बघा, बाई स्वतः सांगते राहू दे. घाई तिला नाही, गाडी अंगणात उभी, कुठे जायची नाही. पण ते दोरीनं बांधतो मले टोचलं. एवढी मोठी गाडी आणि डिक्कीला सुतळी! आणि खाली येऊन परत वर जाते म्हणजे नेमकं काय होत असेल हे डोक्यात फिरायला लागलं, बॅटरी असेल का, वायर असेल का, की लॉक. मी म्हटलं काकू, पाच मिनिटाचं काम शे, येतो. गावाचा रस्ता एकीकडे, आणि मी पांझरेचा पूल ओलांडून उलटीकडे देवपुरात.

ह्या नव्या गाड्यांची डिक्की हातानं लावायची नसते. बटण दाबलं की ती आपली आपण सावकाश खाली येते, खालच्या लॉकनं तिचा हूक पकडला की टक् असा आवाज होतो, मंग आतली छोटी मोटार तिला ओढून घट्ट बसवते, तेव्हा दुसरा आवाज येतो, ढप्. अमोलच्या गाडीचं टक् यायचं, ढप् यायचं नाही. म्हातारी खाली बसताना गुडघ्यात कळ येऊन परत उठते ना, तशी ती टेकायची, तीनदा पीप पीप करायची आणि वर. मी पाच वेळा दाबून बघितलं, पाचही वेळा तसंच. सांगायला नको, मले मजा यायला लागली होती.

बॅटरी बघितली, ठणठणीत. कडेचं रबर बघितलं, कुठे दुमडलेलं नाही. हातानं दाबून लावली, तरी वर. मंग मी वायरिंगवर गेलो. डिक्की वर-खाली होते तिथे बिजागरीपाशी एका रबरी नळीतून वायरी जातात, रोज वाकून वाकून त्यातली एखादी तुटते, हा बिघाड मी दहा गाड्यांत तरी पकडला असेल. म्हटलं हेच शे. आतलं प्लास्टिक काढलं, नळी सोडली, एकेक वायर तपासली, आणि खरंच एकीचं वरचं कव्हर चिरलेलं सापडलं. काय आनंद झाला मले! काकूंना हाक मारून दाखवली, बघा म्हटलं, पकडली चोरी. जोडली, टेप मारला, बठ्ठं पुन्हा बसवलं, बटण दाबलं. टक्, पीप पीप पीप, वर.

चार वाजून गेले होते. काकू म्हणाल्या भटू, तू जा रे, तुझी अक्का वाट बघत असेल. त्यांना सगळं माहीत, मीच सांगितलं होतं. मी म्हटलं बस पाच मिनिटं. माझी पाच मिनिटं, काय सांगू तुमले, माझी पाच मिनिटं माझ्या बापानंही बघितली होती. फ्यूज काढून ठेवला, गाडीच्या कॉम्प्युटरला सगळं विसरू दिलं, पुन्हा लावून डिक्कीला पहिल्यापासून शिकवलं की इथून इथपर्यंत तुझी चाल. पुन्हा तेच. अमोल तोपर्यंत फुलं आणि केळीचे खांब आणायला बाजारात निघून गेला. साडेचार होऊन गेले आणि शर्ट पांढरा राहिला नव्हता.

तेव्हा कुठे उस्ताद आठवले. बॅटरी घेऊन, म्हणजे हातातली लाईट घेऊन, मी गुडघ्यावर बसलो आणि लॉकच्या तोंडात बघितलं. त्या गाडीचं लॉक खाली असतं, उंबऱ्यात. पान्यानं त्याचा जबडा दाबला, एक खटका पडला, दुसरा पडेना. आरसा धरला आणि दिसलं, जबड्याच्या मागे, अगदी खाली, पिवळं काहीतरी. चण्याच्या डाळीचा दाणा. पाऊस लागून फुगलेला, पाचरीसारखा घट्ट बसलेला. तो जबडा पूर्ण फिरूच देत नव्हता, म्हणून मोटार ओढायची नाही, म्हणून डिक्की वर जायची. दोन तास मी वायरी सोलत होतो आणि बिघाड होता एक दाणा, आधी डोळ्यानं बघितलं असतं तर दोन मिनिटात दिसला असता.

मी टोच्या घेतला, आणि तो दाणा उडवणार तेवढ्यात काकू ओरडल्या, भटू थांब, हात लावू नको! मी दचकलोच. त्या म्हणाल्या अरे ती रोटाची डाळ आहे. शनिवारी दळण चक्कीवर नेलं तेव्हा पिशवी डिक्कीत उसवली होती, सगळे दाणे आम्ही वेचले, हा राहिला. आमच्या सात जणांच्या नावानं मोजलेलं धान्य आहे, हा त्यातल्या कोणाच्या तरी नावाचा आहे, बाहेरच्याचा हात लागला तर कसं होईल? आता मी कोणत्या तोंडानं म्हणू की काकू जाऊ द्या, एक दाणा तर शे? माझ्याच घरचा नियम तो. तो दाणा मी टोच्यानं उडवला आणि नालीत गेला तर? मी टोच्या खाली ठेवला.

काकू म्हणाल्या मी काढते, पण रोटाला हात लावायचा म्हणजे आधी आंघोळ. त्या आंघोळीला गेल्या. मी ओट्यावर बसलो. बिघाड समोर दिसतोय, हातात हत्यार शे, आणि हात लावायचा नाही! अशी शिक्षा मले उस्तादांनीही कधी दिली नव्हती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. काकू धुतलं लुगडं नेसून आल्या, चष्मा लावला, केसातला आकडा घातला, त्यांचे हात थरथरतात, दाणा निघायच्या ऐवजी अजून खाली सरकला. म्हणाल्या आता अमोल येऊ दे.

आणि इथे माझं चुकलं. बिघाड सापडला होता. अमोल काय, कोणीही चिमट्यानं तो दाणा काढला असता, माझं तिथे काही काम नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा निघालो असतो तर दिवे लागताना अंगणात पोचलो असतो. काकूंनी हात जोडले, म्हणाल्या जा रे बाबा. पण मले ती डिक्की लागताना बघायची होती. दुसरं काही नाही. तो ढप् आवाज मले माझ्या कानानं ऐकायचा होता, तो ऐकल्याशिवाय माझा पाय उचलला जात नव्हता. जन्मभर बसलो नाही तो मी त्या दिवशी नेमका बसलो.

अमोल आला पावणेसहाला. त्याची आंघोळ. मंग चिमटा, मी आरसा धरला, लाईट धरली, डावीकडे घे, उजवीकडे घे, हळू, आणि निघाला. काकूंनी तो तळहातावर घेतला, डोळ्याला लावला आणि वाटीत टाकून देवीपुढे नेऊन ठेवला. मी बटण दाबलं. डिक्की सावकाश खाली आली, टक्, एक क्षण थांबली, आणि ढप्. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मी पुन्हा उघडली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. ती तिसरी वेळ मले आजही डाचते, तिची काय गरज होती? काकू आतून म्हणाल्या, अरे सव्वासहा झाले.

मंग मोटरसायकल अशी हाणली की सांगता सोय नाही. श्रावणाची झड, समोरच्या गाड्यांचा चिखल तोंडावर, पारोळ्याला पोचलो तेव्हा घराघरात दिवे लागलेले, ढोल वाजत होते, आणि मी तोंडानं कानबाईला म्हणत होतो माय, आज एक दिवस आरती लांबव, विजेचा घोटाळा कर, काहीही कर. गावात शिरलो तेव्हा आठ वाजत आले होते. दारातून बायांची गाणी ऐकू येत होती, देवी छान सजलेली, माझा पोरगा काका-पुतण्यांत बसून हात धुवत होता. पत्रावळी उचलून झाल्या होत्या.

नाना ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. मी समोर उभा, शर्ट काळा, अंगातून पाणी गळतंय. म्हटलं नाना, मी निघतच होतो, एक गाडी आली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, अडकित्ता खाली ठेवला, म्हणाला, बाप गया तवय बी एक गाडी व्हती. मंग म्हणाला, इतला साल तुना नावनी मूठ टाकी मी, कोनले सांगं नही. तू येस नही, नि रोट वाया जावाले नको, म्हनीसन तुना वाटाना रोट दरसाल मीच खादा. आज बी खादा. आते मन्हं पोट भरी गयं भटू. पुढला साल मूठ टाकनार नही.

मले वाटत होतं की सात वर्षं मी घराबाहेर होतो. मी बाहेर नव्हतोच. सातही वर्षं माझं नाव घेऊन मूठ पडत होती, नाना भरल्या पोटावर माझ्या वाटचे घास उतरवत होता, आणि मी इकडे हॉर्न वाजवत बसलो होतो. मी तिथेच खाली बसून रडलो, पोरासमोर, भाऊबंदांसमोर, लाज वाटली नाही. नाना उठून आत गेला. वाईट माणूस नाही तो. थकला होता.

आता पुन्हा श्रावण तोंडावर आला शे. काकूंनी परवा निरोप पाठवला की डिक्की मस्त चालते, त्यांना बिचाऱ्यांना वाटतं मले बरं वाटेल. अक्काला रोज फोन करतो, विचारतो नाना काही बोलला का, ती म्हणते तो काही बोलत नाही, गहू निवडायला काढलेत एवढंच. शुक्रवारी मूठ टाकतील. नाना माझ्या नावाची टाकेल की नाही, काय सांगू, झोप नाही मले, दुकानात एका गाडीचं काम धरतो नि अर्ध्यात दुसरीकडे जातो, परवा तर काचेची वायर हॉर्नला जोडली, गिऱ्हाईक हसत होतं. पण एक ठरवलं शे, ह्या खेपेला बुधवारीच जायचं, फोन घरी बायकोकडे ठेवायचा, आणि नानाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. माझं नाव घेतलं तर पंगतीला बसेन. नाही घेतलं तर म्हटलं पंगत वाढीन, पण मंग ध्यानात आलं, मूठ नसलेल्याला रोटाला हात लावता येत नाही. तर पाणी वाढीन. पाण्याला कोणाचा नियम नाही. नाना पाणी पिऊन उठेपर्यंत तांब्या घेऊन तिथेच उभा राहीन.